रोपलेल्या यकृताची राखण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आटपाडी येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याविषयी आम्हास विचारले, तेव्हा त्यांच्या मनात विद्यार्थ्यांची शिस्त किंवा माणदेशाचा पूर्वेतिहास असा काही विषय असावा. पस्तीस वर्षे शाळेत खडू झिजविलेल्या मनुष्याकडून दुसरी अपेक्षा कोणी का करावी? आम्ही विषय कळविल्यावर त्यांनी दोन वेळा दूरध्वनी करून ‘हाच ना?’ अशी खात्री करून घेतली. आम्ही वैद्य नाही, शास्त्रज्ञ नाही. परंतु या विषयाची फी आमच्या घराने भरलेली आहे, आणि ज्याने फी भरली त्याने दोन धडे इतरांस वाचून दाखवावेत, एवढाच आमचा अधिकार.

आपल्यापैकी पुष्कळांस आमचे धाकटे बंधू ठाऊक होते. आपल्या आटपाडी-खानापूर भागातील शेकडो तरुण गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेले, तसेच तेही वयाच्या सतराव्या वर्षी गेले आणि केरळातील एका गावी भट्टी आणि मूस यांच्या संगतीत त्यांचे आयुष्य सरले. वर्षातून एकदा खरसुंडीच्या यात्रेस येत. २०१३ साली आले ते पोटात पाणी झालेल्या अवस्थेत. तपासणी केली तेव्हा कळले की ‘ब’ प्रकारची कावीळ त्यांच्या अंगात कित्येक वर्षे गुपचूप नांदत होती आणि तिने यकृताचा दगड करून टाकला होता. गावात मात्र दारूचीच कुजबुज झाली. ज्या माणसाने ताडीच्या थेंबासही कधी ओठ लावला नाही, त्याच्या वाट्यास ते बोलणे आले. यकृताचे दुखणे म्हटले की दारू, हा समज आपल्या मंडळींनी आता तरी सोडावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यकृत बदलण्यावाचून दुसरा उपाय नाही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्या चिरंजीवाने, म्हणजे आमच्या पुतण्याने, आपल्या यकृताचा भाग देण्याचे ठरविले. त्याचे वय तेव्हा चोवीस. आमच्या मातोश्री हयात होत्या; त्यांनी दोन दिवस अन्न घेतले नाही. ‘एक जातोय म्हणून दुसऱ्याला का कापायचं?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यास कोणापाशी उत्तर नव्हते. यकृताचा मोठा भाग काढून दिला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांतच वाढू लागते आणि दोन-तीन महिन्यांत बव्हंशी पूर्वीच्या आकारास येते, हे त्यांना पटविताना आम्ही पालीच्या शेपटीचा दाखला दिला. त्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी आम्ही विसरलेलो नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. यकृत जुळविताना डॉक्टर रक्तगट पाहतात, देणाऱ्याचे वय आणि प्रकृती पाहतात, यकृताचा आकार पाहतात. गोत्र, कुळी, ज्ञाती यांपैकी काही पाहत नाहीत. मूत्रपिंडाच्या बाबतीत जी बारीक जुळणी करावी लागते तीही येथे सहसा आवश्यक ठरत नाही. कायदा तेवढा नाते विचारतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १९९५ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. आईवडील, मुले, भावंडे, पतिपत्नी हे निकटचे आप्त त्यात प्रथमपासून आहेत. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडे यांचीही भर पडली. याबाहेरच्या कोणी अवयव द्यावयाचा तर निराळ्या समितीची संमती लागते. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून, ज्ञाती न पाहणाऱ्या इंद्रियाविषयी बोलण्याचा योग आम्हास आला आहे.

२०१४ साली शस्त्रक्रिया झाली. दोन एकर विकली, दुकान गहाण पडले, आणि या संस्थेच्या साहाय्यनिधीनेही हात दिला, त्याचे ऋण येथे नमूद करतो. बंधू बरे झाले. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, पोट उतरले, चार महिन्यांनी ते पुन्हा भट्टीपाशी जाऊन बसले. आम्ही सर्वांनी मानले की लढाई जिंकली. आमची पहिली चूक तेथेच झाली.

ही शस्त्रक्रिया किती अवघड वाटेने येथवर आली, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९६३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मनुष्यावर पहिले यकृतरोपण केले; तो बालरुग्ण शस्त्रक्रियेतच गेला. १९६७ साली त्यांच्या हातून असा रुग्ण झाला की जो वर्षाहून अधिक जगला. पुढील दहा-बारा वर्षे या शस्त्रक्रियेने जगविले त्यापेक्षा बळीच अधिक घेतले. हात कुशल होते, टाके पक्के होते, पण अंगच परके यकृत ठेवून घेईना. आपल्या देशात १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात एका लहानग्यास त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसविण्यात आला. हे भारतातील पहिले यशस्वी यकृतरोपण मानले जाते. तो मुलगा पुढे वाढला आणि वैद्यकीच्या शिक्षणास गेला.

मधल्या काळात घडले ते एवढेच की अंगाला आवरणारी औषधे सापडली. दोन्ही मातीत सापडली, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या आमच्यासारख्यास फार नवलाचे वाटते. नॉर्वेच्या एका ओसाड पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी होती. तिच्यातील द्रव्य शरीराची प्रतिकारशक्ती दबविते, असे १९७२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आढळले. तेच सायक्लोस्पोरिन. ज्या साली आपण येथे खडी फोडून मिलोच्या भाकरी खात होतो, त्याच सालची ही गोष्ट. दुसरे औषध टॅक्रोलिमस. ते जपानात त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्म जिवापासून १९८४ साली मिळाले आणि १९८९ साली पिट्सबर्ग येथे स्टार्झल यांच्याच पथकाने प्रथम रुग्णास दिले. आज यकृतरोपण झालेल्या बहुतेकांचा मुख्य आधार हीच गोळी असते. आमचे बंधू तिला ‘बाराची गोळी’ म्हणत. कारण ती बारा बारा तासांनी घ्यावयाची असे.

आता मूळ विषयाकडे येतो. पोटच्या मुलाचे यकृत, रक्तगट तोच, रक्त तेच. मग अंगाने ते परके का मानावे? हा प्रश्न आम्हीही विचारला होता. डाळिंबाची बाग असणाऱ्यांस त्याचे उत्तर समजावयास कठीण जाऊ नये. डाळिंबाची गुटी आपण बांधतो ती त्याच झाडाच्या फांदीवर. तिला मुळे फुटतात ती तिचीच, म्हणून तेथे आपपर असा भेद उरत नाही. आंब्याचे किंवा बोराचे कलम मात्र निराळे. खुंट एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा. जोड बेमालूम बसला, झाड दहा वर्षे फळले, तरी खुंट हा खुंटच राहतो. जोडाखालून त्याची फूट येत राहते आणि ती मोडावी लागते. मोडली नाही तर वरचे कलम हळूहळू मागे पडते. मनुष्याचेही असेच आहे. ज्यांचा पिंड एकच, अशा एकसारख्या जुळ्यांमध्येच अवयव खऱ्या अर्थाने आपला ठरतो. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे यशस्वी झालेले मूत्रपिंडाचे पहिले रोपण असेच जुळ्या भावांमधील होते, म्हणूनच ते त्या काळी टिकले. बाप-लेकांत निम्मा वारसा सामाईक असतो आणि निम्मा नसतो. जो निम्मा नसतो, तो अंगातील पांढऱ्या पेशी कधीच विसरत नाहीत.

अंगाचा हा नकार दोन तऱ्हांचा असतो. एक तडकाफडकीचा. रोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुष्कळांस होतो, रक्ताच्या तपासणीत दिसतो आणि औषध वाढविले की बहुधा शमतो. डॉक्टर त्याने फारसे घाबरत नाहीत. दुसरा नकार मुका असतो. इंग्रजीत त्यास क्रॉनिक रिजेक्शन म्हणतात. आम्ही त्यास जुनाट नकार म्हणू. ‘जुनाट’ म्हणजे तो फार वर्षांनीच येतो असे समजू नये. काहींना पहिल्या वर्षातच होतो, काहींना सातव्या-आठव्या वर्षी. त्याचा जुनेपणा काळात नसून कामाच्या रीतीत आहे.

ती रीत कोणती, ते पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हास कागदावर आकृती काढून समजाविले. यकृतात सर्वत्र लहान लहान नाके असतात. प्रत्येक नाक्यात तीन वाटा शेजारी शेजारी धावतात: शुद्ध रक्ताची धमनी, आतड्यातून रक्त आणणारी शीर, आणि यकृतात तयार झालेले पित्त वाहून नेणारी बारीकशी नळी. जुनाट नकारात पांढऱ्या पेशी या पित्ताच्या नळीच्या अस्तरावर चाल करतात. त्याच वेळी धमन्यांच्या आतील बाजूस चरबीने फुगलेल्या पेशींचा थर साचतो आणि रक्ताची वाट अरुंद होते. धमनी अरुंद झाली की पित्तनळीचे पोषण तुटते. नळी सुकते, आक्रसते आणि अखेर नाहीशी होते. यकृताच्या पेशी नव्याने येतात म्हणून यकृताची ख्याती. पण या नळ्या पुरत्या गेल्या की त्या तशा परत येत नाहीत. टेंभूचे पाणी आपल्या शिवारापर्यंत आले आहे. समजा, तळ्यात पाणी उभे आहे आणि पोटचाऱ्या मात्र एकामागून एक बुजत चालल्या आहेत. वरून पाहणाऱ्यास तळे भरलेलेच दिसावयाचे.

यकृताचा तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता निम्म्याहून अधिक नाक्यांत पित्ताची नळी सापडत नाही, किंवा बहुतेक नळ्या मरणपंथास लागलेल्या दिसतात, तेव्हा डॉक्टर हे निदान करतात. १९८० च्या दशकात यकृतरोपण झालेल्या शंभरांपैकी पंधरा-वीस जणांस हा विकार होई. टॅक्रोलिमस आल्यापासून हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आले आहे. म्हणजे शंभरातील पंचाण्णवांनी भिण्याचे कारण नाही. यकृत मुळातच इतर अवयवांहून सोशीक आहे. केंब्रिजचे डॉ. रॉय काल्न यांना १९६९ सालीच असे आढळले होते की डुकरांत रोपलेले यकृत काही वेळा कोणत्याही औषधावाचूनही टिकून राहते. आजही निवडक रुग्णांची औषधे डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली कमी करीत नेण्याचे प्रयोग होतात आणि त्यांतील काहींचे यकृत गोळीवाचूनही चालते. ही बातमी कोणीतरी बंधूंच्या कानावर घातली होती. निवडक आणि देखरेख हे दोन शब्द मात्र कानापर्यंत पोहोचले नाहीत.

आता आमची गोष्ट पुरी करतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. बंधूंच्या गोळ्या दर तीन महिन्यांनी पुण्याहून टपालाने जात, त्या अडकल्या. जवळ महिन्याच्या गोळ्या होत्या. त्यांनी सकाळची गोळी चालू ठेवली आणि रात्रीची बंद केली. महिन्याचे दोन महिने केले. (दिवसातून एकदाच घ्यावयाचे टॅक्रोलिमसही मिळते, परंतु ती निराळी गोळी आणि तिचे प्रमाणही निराळे. यांची होती ती दोन वेळांचीच.) ‘ब’ काविळीवरील गोळी मात्र त्यांनी एक दिवसही चुकविली नाही. ती स्वस्त होती. दूरध्वनीवर त्यांनी आम्हास मोठ्या हौसेने सांगितले, ‘अण्णा, एकाच गोळीवर भागतंय बघा. काय सुदिक होत न्हाई.’ आणि आम्ही म्हणालो, ‘शाबास!’

हा शब्द आमच्या तोंडून गेला, तो आम्ही येथे लपवीत नाही. ज्या मुलखात चारा पुरवून, पाणी पुरवून, भाकरीचा कोर पुरवून माणसे जगली, त्या मुलखात ‘पुरविणे’ हा सद्गुणच आहे. आमचे वडील बाहात्तर सालात कडब्याच्या पेंढीतून चिपाडे मोजून बैलापुढे टाकीत आणि बैल जगले. तोच हिशेब आम्ही गोळीला लावला. बैल उपाशी असला की बरगड्या दिसतात. यकृतास बरगड्या नाहीत.

टपाल सुरू झाले, गोळ्या पोहोचल्या, तरी बंधूंनी रात्रीची गोळी पुन्हा धरली नाही. त्रास काही नव्हता. पुण्यास तपासणीसाठी येणेही राहिले ते राहिलेच. चौदा महिने रक्त तपासले नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात अंगास खाज सुटली. प्रथम तळपाय, मग सर्वांग. रात्री झोप नाही. भट्टीच्या उष्णतेने असेल म्हणून कडुलिंबाच्या पाल्याच्या आंघोळी झाल्या. तेथील एका डॉक्टरांनी त्वचेचा मलम दिला. यकृत बदलले आहे हे त्यांना सांगितले होते की नाही, याविषयी घरात आजही दोन मते आहेत. पित्त वाहून जावयास वाट उरली नाही की ते रक्तात मिसळते आणि माणूस असा खाजवू लागतो. आमची भावजय तेव्हा म्हणाली होती की लघवी हळदीसारखी होते आहे. तिचे कोणी ऐकले नाही.

पुण्यास आणले तेव्हा डोळे पिवळे झालेले होते. तुकडा तपासला. बहुतेक नाक्यांत नळी शिल्लक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रागे भरले नाही. ‘सहा महिने आधी यायला हवं होतं’, एवढेच बोलल्या. या विकाराची सुरुवात असते तेव्हा औषधाचे प्रमाण वाढवून काहींचे यकृत वाचते. नळ्या निम्म्याहून अधिक गेल्या की बहुधा दुसरे यकृतच लागते. दुसरे आणावयाचे कोठून? पुतण्या एकदा देऊन चुकला होता. पुतणीचा रक्तगट निराळा. आमचे वय आडवे आले. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव घातले. मेंदू मृत झालेल्या रुग्णाचे यकृत त्याच्या नातलगांनी दिले तर ते या यादीच्या क्रमाने कोणास तरी मिळते. कोणाच्या तरी घरी तो प्रसंग ओढवल्यावाचून आपला दूरध्वनी वाजणार नाही, हे जाणून दूरध्वनीकडे पाहत बसणे कसे असते, ते आम्ही येथे वर्णीत नाही. २०२२ च्या जानेवारीत छातीत जंतुसंसर्ग झाला आणि बंधू गेले.

आता चार गोष्टी कामाच्या. मेळाव्यास आलेल्या तीन कुटुंबांत यकृतरोपण झालेले आहे, असे आम्हास समजले; त्यांच्यासाठी आणि पुढे ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी सांगतो.

रक्ताची तपासणी हाच जुनाट नकाराचा एकमेव पहारेकरी आहे. दुखत नाही, ताप येत नाही, भूक जात नाही. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जी.जी.टी. हे दोन आकडे तेवढे चढू लागतात, आणि बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा मागाहून चढतो. त्यासाठी दर वेळी पुण्यास जाण्याची आवश्यकता नाही. रक्त आटपाडीत किंवा सांगलीस देता येते आणि अहवाल पाठविता येतो. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळीही पाहतात. तिचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावयाचे असते. आमचे बंधू कित्येकदा गोळी घेऊन, चहा पिऊन मग रक्त देण्यास जात आणि आकडा चढलेला पाहून खूश होत. डॉक्टरांनी लिहून दिलेला छाप बदलून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांस कळवून पुन्हा पातळी पाहावी लागते. आपली मंडळी आज मदुरेत तर उद्या लुधियान्यात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या औषधाचे वैरी आणि सोयरे दोन्ही फार. क्षयरोगावर जे रिफॅम्पिसिन देतात ते टॅक्रोलिमसची पातळी एकदम खाली आणते. फिटांवरील काही गोळ्याही तसेच करतात. काही प्रतिजैविके आणि बुरशीवरील औषधे उलट ती वर चढवितात आणि मग मूत्रपिंडास धोका होतो. म्हणून कोणत्याही दुखण्यास कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो तरी पहिले वाक्य ‘यकृत बदललेले आहे’ हेच असावे. ग्रेपफ्रूट नावाचे फळ आणि आपले पपनस यांची मनाई सर्वत्र आहे. अनेक प्रत्यारोपण केंद्रे डाळिंबही टाळावयास सांगतात. ही गोष्ट आटपाडीत उच्चारणे म्हणजे पंढरपुरात बुक्क्यास नावे ठेवण्यासारखे आहे. रोपणानंतर बंधूंच्या भेटीस जो येई तो रक्त वाढावे म्हणून भगव्याची पेटी घेऊन येई. एकदा घरात अकरा पेट्या झाल्या. त्या सर्व शेजारच्या शाळेतील मुलांनी खाल्ल्या आणि यकृताच्या दुखण्याचे तेवढेच गोड फळ गावास मिळाले.

गुळवेलीविषयी बोललो तर काही वडीलधारी मंडळी रागावतील, तरी बोलतो. करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेलीचा काढा होई. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी असे सहा रुग्ण प्रसिद्ध केले की ज्यांच्या यकृतास गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. त्यावर पुष्कळ वादही झाला. तो वाद बाजूस ठेवू. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढविते असे जे तिची स्तुती करणारे सांगतात, तेवढेच आपण खरे धरू. ज्या शक्तीस आवरण्यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावयाची, तिलाच दुपारी काढा पाजावयाचा, हा कोणता हिशेब? आमच्या घरी तो काढाही झाला होता.

भगिनींस एक विनंती. घरात कोणाच्या लघवीचा रंग बदलला, कोण रात्री खाजवीत जागला, हे प्रथम आपणांस कळते. घरातील पुरुषांनी ऐकले नाही तर संस्थेच्या चिटणिसांस कळवा. आम्ही तसे त्यांच्याशी बोललो आहोत. औषधे कोणास अडली, मग ती पैशासाठी असोत वा टपालासाठी, तर तेही कळवावे. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून यकृतरोपणास मदत मिळते, पण त्यानंतरच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्यांचा खर्च घराच्याच अंगावर असतो. संस्थेच्या निधीतून शस्त्रक्रियेस एकरकमी देणगी देण्याऐवजी काही रक्कम गोळ्यांसाठी दरमहा द्यावी, असा ठराव आम्ही उद्याच्या सभेपुढे मांडणार आहोत. शस्त्रक्रियेस दिलेल्या पैशाची पाटी लागते, गोळीस दिलेल्याची लागत नाही, ही अडचण त्यात आहे. ती आम्हास ठाऊक आहे.

आमच्या पुतण्याविषयी दोन शब्द राहिले. वडील गेल्यावर तो वर्षभर आमच्याशी नीट बोलला नाही. नंतर एके दिवशी शेतात बसलो असता आपणच म्हणाला, ‘अण्णा, मी दिलेलं सात वरीस चाललं. गोळी चालली असती तर अजून चाललं असतं.’ आम्ही ‘शाबास’ म्हटल्याचे त्यास तोवर ठाऊक नव्हते. ते आम्ही त्याच बांधावर त्यास सांगितले. तो उठून पाण्याची मोटार बंद करावयास गेला आणि पुष्कळ वेळाने परत आला. त्याचे स्वतःचे यकृत पूर्ववत भरून आले आहे, प्रकृती ठणठणीत आहे, दोन मुले आहेत. वडिलांच्या सात वर्षांच्या सगळ्या तपासण्या त्याने एका वहीत तारीखवार उतरून काढल्या आहेत. आकडे कोठून चढू लागले असावेत आणि कोणत्या चौदा महिन्यांची पाने कोरी आहेत, ते त्या वहीत दिसते.

ती वही घेऊन तो आज येथे आला आहे. व्याख्यान संपल्यावर तो बाहेर पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसेल. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्यास अवश्य भेटावे. तशी वही कशी ठेवावी ते तो दाखवील. त्याची गाडी साडेपाचची आहे.